अर्धा खांब

सोमवार, ३ फेब्रुवारी

आज पुन्हा तेच. मी सायकलवर कुत्र्याच्या खांबापाशी धापा टाकतेय आणि वरून, पाण्याच्या टाकीपाशी, ताईंची घंटा. ट्रिंग ट्रिंग! त्या घंटेत खवचटपणा आहे असं माझं ठाम मत आहे. आमचे हे म्हणतात, घंटेत कसला आलाय खवचटपणा, तो तुझ्या कानात आहे.

ताई म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. वरच्या मजल्यावर राहतात, मोठे भाऊजी गेल्यापासून एकट्याच. टपाल वाटतात. वयानं माझ्याहून बऱ्याच मोठ्या, आणि सायकल त्यांच्याहून म्हातारी वाटावी अशी: काळी, जाडजूड, मागे लोखंडी कॅरिअर. सकाळी दोघी बरोबर निघतो. टाकीच्या चढापर्यंत गप्पा. चढ लागला की ताई शीळ घालत पुढे, आणि मला दिसतं फक्त त्यांचं मागचं मडगार्ड. वर पोचल्या की घंटा वाजवतात, कठड्यावर बसतात, आणि मी पोचले की ठरलेलं वाक्य: "आलीस? बस, दम खा." तिथून त्या डावीकडे पोस्टात, मी उजवीकडे ऑफिसात.

हे वर्षानुवर्षं चालू आहे आणि मी हसून सोडून देते. पण ऑक्टोबरात ताई निवृत्त होतायत, आणि त्यानंतरच्या पहिल्या रविवारी आम्ही दोघींनी सायकलवरून थेट दीपगृहापर्यंत जायचं ठरवलंय. ताईंनी तिथलं टपाल वर्षानुवर्षं पिशवीत भरून दुसऱ्याच्या हाती दिलं, स्वतः कधी गेल्या नाहीत. जाताना सगळा रस्ता चढउतारांचा. दर चढावर त्या कठड्यावर बसून माझी वाट बघणार की काय? मला नाही चालायचं.

म्हणून ठरवलं. माझ्या सायकलला नवे टायर, जमल्यास नवी चाकं. यांना सांगितलं तर म्हणाले, "नाचता येईना अंगण वाकडं. तुझं म्हणजे, चालवता येईना, चाक वाकडं!" आणि स्वतःच्याच विनोदावर खोकला येईपर्यंत हसले.

मी वजन-मापं तपासणारी बाई आहे. लोकांच्या तराजूंवर विश्वास ठेवत नाही, तर यांच्या विनोदावर ठेवीन? चाकं बदलून फरक पडतो की नाही, मोजूनच बघते. म्हणून ही वही.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

मोजायचं कसं, ते ठरलं. घड्याळ नको, वारा आणि सिग्नल यांच्यावर माझा भरवसा नाही. चढावर दिव्याचे खांब आहेत. खालून वर: कुत्र्याचा (खाली एक लाल कुत्रा कायम झोपलेला), वाकडा (ट्रकनं ठोकलेला), जाहिरातीचा (शिवणक्लासची), बंद दिव्याचा, आणि मग टाकी. ताईंची घंटा वाजेल तेव्हा मी कुठल्या खांबाशी आहे, एवढं बघायचं. झालं.

आमच्या ऑफिसात पितळेचं प्रमाण वजन असतं, मखमलीच्या पेटीत. त्याला उघड्या हातानं शिवायचीसुद्धा बंदी. सगळी दुनिया त्याच्याशी ताडून बघायची, कारण ते बदलत नाही. ताई म्हणजे माझं पितळी वजन. इतक्या वर्षांत त्यांचा चढ एकदाही बदललेला नाही. याहून चांगलं माप मला कुठे मिळणार?

रविवार, ९ फेब्रुवारी

आउटमास्तरांकडे गेले. सायकल दुरुस्तीवाले, दुकानात कुठलीही गाडी आली की आधी चाक फिरवून बघतात आणि मान हलवतात, "आउट आहे." म्हणजे चाक सरळ फिरत नाही. म्हणून हे नाव. लग्नाच्या वरातीतली मोटार दिसली तरी चाकाकडे बघून मान हलवतील.

मी म्हटलं, नवे टायर दाखवा. त्यांनी माझा टायर अंगठ्यानं दाबला आणि म्हणाले, "मॅडम, यात हवा कुठाय? ही गाडी नाही, उशी आहे. आधी हवा भरा, मग बोला."

मला अपमान वाटला, पण भरली. पंपावर उभं राहून हाताला घाम फुटेस्तोवर भरली.

सोमवार, १० फेब्रुवारी

घंटा वाजली तेव्हा मी वाकड्या खांबापाशी! अख्खा एक खांब, नुसत्या हवेवर! म्हणजे इतकी वर्षं मी... जाऊ दे. वाकडा खांब हीच आता सुरुवात धरायची. यापुढे मिळेल ते टायरांचं.

यांना सांगितलं तर म्हणाले, "हवा चाकात भरायची असते, डोक्यात नाही."

गुरुवार, १३ फेब्रुवारी

नवे टायर बसवले. बारीक, गुळगुळीत, आणि रबर असं मऊ की दोन बोटांत चुरगळतं. आउटमास्तर म्हणाले, मऊ रबर रस्त्यावरचे बारीक खडे पोटात घेतं, त्यामुळे गाडी उसळत नाही आणि जोर वाया जात नाही. पटण्यासारखं आहे. पण पटणं वेगळं आणि मोजणं वेगळं.

सोमवार, १७ फेब्रुवारी

घंटा वाजली, मी जाहिरातीच्या खांबापाशी! शिवणक्लासचा फोन नंबर स्पष्ट वाचला मी.

वर पोचल्यावर ताई म्हणाल्या, "छान पळायला लागली की गाडी तुझी!" अगदी मनापासून. ताईंचं हेच आवडतं मला, जळफळाट नाही. मी त्यांच्या जागी असते तर टायरांना नावं ठेवली असती. आज शीळ घातली नाही त्यांनी. मी म्हटलं, "का हो, गाणी संपली का?" तर म्हणाल्या, "तुझ्या टायरांचा आवाज ऐकत होते."

सोमवार, २४ फेब्रुवारी

आता रोज जाहिरातीच्या पुढे. टायरांना पैकीच्या पैकी गुण.

संध्याकाळी ताईंबरोबर बुटांच्या दुकानात. त्यांना मोठ्या मापाचे बूट घ्यायचे होते. म्हणाल्या, "पाय मोठे व्हायला लागलेत या वयात, कौतुक आहे की नाही?" दुकानदार बिचारा एकामागून एक जोड काढतोय आणि या म्हणतायत, अजून सैल. मी म्हटलं, थेट होडीच घ्या की. खूप हसलो. हसताना ताईंना ठसका लागला आणि त्या बराच वेळ दुकानातल्या बाकावर बसून राहिल्या.

सोमवार, ३ मार्च

आज चाकंच बदलली. हलकी, चमचमीत, आरे कमी. पाय थांबवला की मागच्या चाकातून असा टिरटिर आवाज येतो की रस्त्यानं चालणारे वळून बघतात. आउटमास्तरांनी चाक फिरवलं आणि पहिल्यांदाच मान हलवली नाही. मला ओवाळून घ्यावंसं वाटलं.

हे म्हणाले, "किती वेग वाढणार यानं?"
मी म्हटलं, "कळेलच."
"आणि नाही वाढला तर?"
"तर तेही कळेल." आणि हे मी अगदी खरं बोलले. मला खरोखरच जाणून घ्यायचंय. जिंकायचंय तर आहेच, पण जाणूनही घ्यायचंय.

गुरुवार, ६ मार्च

बंद दिव्याचा खांब! दोनदा अधोरेखित करून ठेवलं.

शनिवार, ८ मार्च

ताईंकडे चादरी बदलायला मदत केली. पलंगावर उशांचा डोंगर. म्हटलं, "पाहुणे येणार आहेत का?" म्हणाल्या, "नाही गं, उंच झोपलं की बरं वाटतं. राणीसारखं." चला, म्हातारपणी हौस तरी करतायत. मोठे भाऊजी असताना एका उशीवरून भांडण व्हायचं.

मंगळवार, ११ मार्च

जिंकले!!

टाकीपाशी पोचले आणि घंटा ऐकूच आली नाही. वळून बघते तर ताई मागे, जाहिरातीच्या खांबापाशी, पाय टेकून उभ्या. मला हात केला. "तू हो पुढे, मी आलेच!"

मी वर थांबून माझी घंटा वाजवली. मनसोक्त वाजवली. त्या आल्या तेव्हा मी कठड्यावर बसून म्हटलं, "आलात? बसा, दम खा." त्या हसल्या, बसल्या, आणि खरंच बराच वेळ दम खात राहिल्या. ओठ जरा निळसर वाटले. गार वारा होता टाकीपाशी.

संध्याकाळी यांना चहाच्या कपासकट बाल्कनीत बसवलं आणि सगळे खांब क्रमानं सांगितले. म्हटलं, आता बोला! नवी चाकं लावून गाढवाचा घोडा होतो की नाही?

यांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "वहिनी मागे राहिल्या? वहिनी?"
"हो, वहिनी! हातच्या काकणाला आरसा कशाला?"

शुक्रवार, १४ मार्च

एक गोष्ट बोचतेय. तपासनीस म्हणून बोचतेय. नवं चाक लावून जिंकले हे खरं, पण जुनं लावून हरले तरच ते चाकाचं म्हणता येईल. दुकानदाराच्या तराजूत आपण पारडी अदलाबदल करून बघतोच ना? मग स्वतःच्या बाबतीत आळस का?

आउटमास्तरांकडून जुनी चाकं, जुने टायर परत बसवून घेतले. हवा मात्र गच्च. त्यांना वाटलं मला वेड लागलंय. "मॅडम, पोरगी सासरी पाठवून दुसऱ्याच आठवड्यात परत आणलीत."

शनिवार, १५ मार्च

काही कळेनासं झालंय.

जुनी चाकं, जुने टायर. मी वाकड्या खांबापर्यंत मागे पडायला हवं होतं. उलट ताईच मागे पडल्या, मंगळवारपेक्षाही जास्त. वाकड्या खांबालाच उतरल्या आणि सायकल हातात धरून चालत आल्या. म्हणाल्या, "आज पिशवी जड आहे." पिशवी मी उचलून बघितली. नेहमीचीच होती.

मग माझे पाय तयार झाले की काय? इतक्या दिवसांच्या चुरशीनं? असेल बुवा. पण असेल म्हणून सोडून देईन तर मी कसली तपासनीस.

रविवार, १६ मार्च

आज सकाळी रस्ता रिकामा. यांना अंडी उकडायचं किल्लीचं घड्याळ घेऊन चढाच्या पायथ्याशी उभं केलं. रविवारी स्वयंपाकघर यांच्याकडे असतं, त्यामुळे घड्याळावर हक्क यांचाच. तेवढ्यासाठी मला आर्जव करावं लागलं. दर वेळी किल्ली तेवढीच पिळायची, ताईंना पूर्वी टाकीपाशी पोचायला लागायचा अंदाजे तेवढ्या वेळाची. मी निघायचं, घड्याळ खणखणलं की यांनी जोरात "हो!" ओरडायचं आणि मी कुठे आहे ते बघायचं. जुनी चाकं लावून चढले. मग आउटमास्तरांना उठवून (शिव्या खाल्ल्या) नवी लावून चढले. पुन्हा जुनी, पुन्हा नवी. मधे भरपूर विसावा. नुसतं उतारावरून पाय न मारता सोडूनही बघितलं. नव्या चाकांवर गाडी औषधाच्या दुकानापर्यंत घरंगळत गेली, जुन्यांवर त्याच्या अलीकडच्या न्हाव्यापर्यंत.

म्हणजे फरक आहे. नक्की आहे. पण चढावर तो किती? जुन्या चाकांवर यांचा "हो" आला तेव्हा मी वाकड्या खांबाला, नव्यांवर त्याच्या जरा पुढे. अर्धा खांब, बस्स. आणि मास्तरांच्या मते तोही मुख्यतः टायरांचा. चाकांचा वाटा म्हणजे टिरटिर.

पाय तयार झालेत म्हणावं, तर जुन्या चाकांवर मी अजूनही तिथेच आहे, वाकड्या खांबाला.

खाली आले. हे घड्याळ कानाशी धरून उभे. म्हटलं, "अहो, चाकांनी मला अर्धा खांब दिला. मग बाकीचा चढ कुठून आला?"

ऑफिसात एखादा काटा अचानक चांगला दाखवायला लागला की आम्ही काय करतो? आधी वजन तपासतो. वजन झिजलंय का ते बघतो.

सायकल तिथेच रस्त्यात टाकून मी घराकडे धावत सुटले.

त्याच दिवशी, संध्याकाळी

सकाळचं पुढचं लिहून ठेवते.

ताईंचं दार उघडंच होतं. ताई खुर्चीत बसल्या बसल्याच झोपलेल्या, पाय स्टुलावर. घोट्यांवर मोज्याची खूण अशी खोल रुतलेली की मला बघवेना. शीळ. बूट. उशा. ओठ. सगळं मी माझ्या डोळ्यांनी बघितलं होतं आणि त्यावर विनोद केले होते.

जाग आल्यावर म्हणाल्या, "अगं, काय झालं? धावतेस काय?"
"ताई, चढावर तुम्हाला काय होतं?"
"कुठे काय? तुझी चाकं आता—"
"माझ्या चाकांचा हिशेब झाला. अर्धा खांब. बाकीचा चढ तुमचा आहे."

त्या पदराच्या टोकाशी चाळा करायला लागल्या. मग म्हणाल्या, "दम पुरत नाही गं. आडवं झालं की पाण्यात बुडाल्यासारखं होतं."
"मग बोलला का नाहीत?"
"आधी वाटलं, वय. मग तू पुढे जायला लागलीस, इतकी खूश झालीस. म्हटलं, बरं आहे, चाकांच्या नावावर खपतंय." आणि पदर सोडत, "डॉक्टरनं दीपगृह नको म्हटलं असतं ना."

मला रडू फुटलं. मी म्हटलं, "चुलीत गेलं ते दीपगृह! तुम्ही गेलात तर मी कुणाच्या मागे चढू?" त्या माझ्या डोक्यावरून हात फिरवत राहिल्या, जणू आजारी मीच.

हे तोवर रिक्षा घेऊन आलेच होते.

सोमवार, १७ मार्च

इस्पितळात. डॉक्टरीणबाई ताईंच्या छातीवर नळी लावून किती तरी वेळ ऐकत होत्या, मग पडद्यावर हृदय दाखवलं. आतली एक झडप नीट मिटत नाही. रक्त पुढे जायच्या ऐवजी थोडं मागे फिरतं, फुप्फुसांत पाणी साठतं. इतके दिवस ती सैल होती, आता तिला ताणून धरणारा एक दोरा तुटलाय.

ताई शांतपणे म्हणाल्या, "म्हणजे माझा व्हॉल्व्ह लीक आहे म्हणायचं. हिला बोलवा, हिच्याकडे पंप आहे."

डॉक्टरीणबाई हसल्या, पण मला बाजूला घेऊन म्हणाल्या की शस्त्रक्रिया लवकर करावी लागेल, आणि अजून काही दिवस त्या अशाच चढ चढत राहिल्या असत्या तर अवघड होतं. "तुमच्या कसं लक्षात आलं?"
मी म्हटलं, "टायर बदलले म्हणून."
त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

शुक्रवार, ४ एप्रिल

आज शस्त्रक्रिया. ताईंना आत नेताना मी म्हटलं, "तुम्ही व्हा पुढे, मी आलेच." तोंडातून गेलं आणि जीभ चावली. असलं काय बोलायचं अशा वेळी? पण ताई हसल्या. "तू कशाला येतेस? बाहेरच बस, दम खा."

बाहेर बसवेना. घरी जाऊन ताईंच्या सायकलची घंटा काढून आणली आणि बाकावर बसून फडक्यानं घासत राहिले. यांनी एकदाही विचारलं नाही की हे काय चाललंय. मला फार भीती वाटतेय.

त्याच दिवशी. झालं. झडप दुरुस्त झाली. ताई अजून झोपेत आहेत. बाहेर येऊन शल्यविशारद म्हणाले, "छान बसली." त्यांना आउटमास्तरांसारखं चाक फिरवून बघताना मी मनातल्या मनात बघितलं आणि रडता रडता हसले.

रविवार, २२ जून

ताई घराच्या गच्चीवर फेऱ्या मारतात. पोस्टात सध्या बसून करायचं काम, त्यावर रोज कुरकुर. एकच उशी. घोटे जागेवर. घंटाही सायकलवर परत बसवली. आज भांडी घासताना वरून शीळ ऐकू आली. मी नळ बंद करून ऐकत उभी राहिले.

आउटमास्तर भेटले. "मग, मॅडम, ठरलं का? चाकं बदलून फरक पडतो?" मी म्हटलं, अजून एक मोजणी बाकी आहे.

सोमवार, ८ सप्टेंबर

डॉक्टरीणबाईंनी चढाला परवानगी देऊन बरेच दिवस झाले होते, पण ताई सपाटीवरच चालवायच्या आणि मी काही बोलायची नाही. आज सकाळी पायथ्याशी आल्यावर त्यांनी पेडलवर जोर दिला.

मी मागे. हलकी चाकं, मऊ टायर, गच्च हवा, आणि छातीत धडधड. जवळ राहायचं म्हणून जिवाच्या आकांतानं पाय मारले. आधी पुढून शीळ ऐकू येत होती, मग तीही येईना, आणि ते जुनं काळं मडगार्ड लांब लांब जायला लागलं. मी ओरडले, "ताई, सावकाश!" त्यांनी मागे बघितलंसुद्धा नाही. कुत्र्याचा खांब गेला. वाकडा खांब आला, गेला.

आणि वरून घंटा. ट्रिंग ट्रिंग!

मी तिथेच पाय टेकले. डोळे पुसले, आणि आधी तपासनिसाचं काम केलं: कुठे आहे ते बघितलं. वाकड्या खांबाच्या पुढे, जाहिरातीच्या मागे. बरोबर अर्ध्यावर.

तो अर्धा खांब चाकांचा. म्हणजे फरक पडतो. सिद्ध झालं.

वर पोचले तेव्हा ताई कठड्यावर बसलेल्या. "आलीस?" म्हणाल्या. "बस, दम खा."